कडब्यावरील घोडा आणि यीस्टची भुकटी

फाल्गुन सरला म्हणजे हिरवी वैरण आटते आणि घोड्यापुढे केवळ कडबा व वाळलेले गवत उरते. थोड्याच दिवसांत जनावराच्या बरगड्या दिसू लागतात, लिदीत न पचलेल्या लांब काड्या आढळतात आणि धनी चिंतेत पडतो. अशा वेळी यीस्टची भुकटी चारावी, अशी शिफारस हल्ली वारंवार कानी येते. तीत तथ्य किती, आणि तिजवर पैसा केव्हा खर्चावा, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम घोड्याच्या पोटाची रचना ध्यानी घेतली पाहिजे. बैलाने खाल्लेली वैरण आरंभीच त्याच्या मोठ्या पोटात आंबते व रवंथाने बारीक होते. घोड्याचे तसे नाही. त्याचे जठर अवघे ८ ते १५ लिटरांचे. काडीतील तंतूंचे पचन होते ते अगदी शेवटी, आंधळ्या आतड्यात व मोठ्या आतड्यात. तेथील असंख्य सूक्ष्म जंतू तंतू आंबवून त्यांची आम्ले बनवितात, आणि ती रक्तात शोषली जाऊन घोड्यास बळ देतात. म्हणून घोडा कडबा पचवितो असे म्हणण्यापेक्षा त्याच्या पोटातील जंतू तो पचवितात, असे म्हणणे अधिक यथार्थ होय.

यीस्ट म्हणजे पाव फुगविणारे किण्व. ते स्वतः तंतू पचवीत नाही. आतड्यातील जंतूंस अनुकूल स्थिती निर्माण करणे, एवढेच त्याचे कार्य मानले जाते. फ्रान्समध्ये केलेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, जिवंत यीस्ट आंधळ्या आतड्यापर्यंत पोचते, परंतु तेथे कायमची वस्ती करीत नाही. यास्तव ते रोज चारावे लागते. धान्य अधिक झाल्याने आतड्यात होणारा बिघाड त्याने काही अंशी आवरला. केवळ वैरणीवरील घोड्यांविषयी मात्र निरनिराळ्या प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. कोठे तंतूंचे पचन किंचित वाढले, तर कोठे काहीच फरक पडला नाही.

आमच्या मते मुख्य मुद्दा निराळाच आहे. या जंतूंनाही आहार लागतो, आणि कडब्यात प्रथिने फार थोडी, सामान्यतः शेकडा चार-पाच असतात. उपाशी मजुरांवर मुकादम नेमून काम वाढत नाही, तद्वत् निव्वळ कडब्यावर यीस्ट चारून लाभ होत नाही. ३०० किलो वजनाच्या घोड्यास दिवसास ५ ते ६ किलो सुकी वैरण लागते. तीत किलोभर वाळलेला लसूण घास मिसळल्यास जंतूंची भूक भागते. दिवसास निदान १५ ते २० लिटर, व कडक उन्हात त्याहून अधिक, स्वच्छ पाणी आणि सुमारे ३० ग्रॅम मीठ द्यावे. सुक्या वैरणीवर पाणी तुटले म्हणजे मळ आतड्यात अडकून पोटशूळ उठतो. घोड्यास वांती होत नसल्याने तो जिवावर बेतू शकतो. बुरशी आलेला कडबा कदापि घालू नये. दाढांस अणकुचीदार कडा आल्या असतील, तर पशुवैद्याकडून त्या घासून घ्याव्यात. वैरणीत बदल करणे तो आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

एवढे करूनही जनावर सुधारले नाही, तरच यीस्टची परीक्षा पाहावी. भुकटी जिवंत यीस्टची आहे की मृत, हे वेष्टनावर वाचून घ्यावे. मृत यीस्टपासून प्रथिने व ब वर्गातील जीवनसत्त्वे मिळतात, परंतु जिवंत यीस्टचे कार्य त्याजकडून पूर्णपणे होत नाही. ती उन्हात ठेवू नये व गरम आंबोणात मिसळू नये, कारण उष्णतेने यीस्ट मरते. तीन-चार आठवडे बाकी सर्व खाणे तेच ठेवून छातीचा घेर दोरीने मोजावा व लीद पाहावी. फरक दिसला तर पुढे चालवावे, न दिसल्यास तोच पैसा लसूण घासाच्या वाफ्यावर खर्चावा.

दावणीतील उणीव पुडीने भरून निघत नाही, एवढे शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवावे, अशी आमची विनंती आहे.