मिशनच्या कार्यशाळेपासून टिंकरिंग लॅबपर्यंत

• रत्नागिरी : कोल्हापूरपाठोपाठ १८७०च्या दशकात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे केंद्र इथे आले.

• सांगली : याच मिशनच्या औद्योगिक शाळेत मुले पुस्तकांसोबत सुतारकाम आणि शेती शिकत.

• अहमदनगर : अमेरिकन मराठी मिशनच्या डी. सी. चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारित हातमाग घडवला. तो 'चर्चिल माग' म्हणून ओळखला गेला.

• आता : नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब (२०१६) सहावी ते बारावीसाठी. अनुदानित आणि खासगी शाळाही पात्र.

• अनुदान : २० लाख रुपयांपर्यंत, १० लाख उभारणीला, उरलेले पाच वर्षांच्या खर्चाला.

• साहित्य : थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, हत्यारे.

• पद्धत : अडचण हेरा, रेखाटन करा, नमुना बनवा, वापरून पाहा, सुधारा.