फ्लोराच्या शिंपल्याची कड

कारध्याच्या जुन्या पुलाशी वाढलेल्या माणसाची नजर आधी पाण्याच्या रेघेकडे जाते. वैनगंगा 245 मीटरला आली की इशारा, 245.50 ला धोका. हे आकडे आमच्याकडे पोरासोरांना पाठ. म्हणून मुंबईच्या हुतात्मा चौकात भल्या सकाळी फ्लोरा फाउंटनपाशी उभा राहिलो, तेव्हा माथ्यावरची फुलांची रोमन देवी मला नंतर दिसली. आधी दिसला तो ओघळ. पाणी वाहतं तिथे दगड दुधाळ, आडोशाला काळपट खपली.

हे कारंजं 1864 चं. आराखडा नॉर्मन शॉ यांचा, कोरीवकाम जेम्स फोर्सिथ यांचं, दगड इंग्लंडातल्या पोर्टलंडचा. रोममध्ये बर्निनीने 1640 च्या दशकात शंख फुंकणारा ट्रायटन घडवला, तेव्हापासून बरोक कारंज्यांत पाणी हे मूर्तीचंच अंग मानलं गेलं. फ्लोरा त्यानंतर दोन शतकांनी आली, तरी घराणं तेच.

कुंडात उतरलेला एक तरुण शेवाळ काढत होता. हातात नायलॉनचा ब्रश, शेजारी साध्या पाण्याची बादली. तारेचा ब्रश का नाही, असं विचारलं.

"नको काका, दगड मऊ आहे. ओरखडा पडला की त्याच चरीत शेवाळ पुन्हा धरतं."

अॅसिडचं तर नावच नको. हा चुनखडक, अॅसिड लागताच फसफसून झिजतो. एके काळी याच दगडावर ऑइलपेंटचे थर चढवले गेले होते, हे आठवलं की आजही जीव तुटतो. रंगाखाली ओल कोंडते, आतले क्षार फुगतात आणि कोरलेल्या बोटांचे, पाकळ्यांचे पापुद्रे सुटतात. ते थर काढून, नळ बदलून 2019 च्या जानेवारीत कारंजं पुन्हा वाहतं झालं. दगड पुरता उघडा पडला, तसे त्यातले बारीक शिंपलेही दिसू लागले: कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले, खरेखुरे. कोरीव शिंपल्यावर बोट ठेवलं, तर खाली तेही हाताला लागतात.

पंप सुरू झाला. नळात खरखर, मग कोरीव शिंपला काठोकाठ भरला. अशा कामात सगळा जीव त्या कडेत असतो. पाणसळीत सुताएवढा फरक पडला, तरी पाणी एकाच अंगाने पडतं. डावीकडे धारेचा पडदा सलग होता, उजवीकडे फाटलेला. त्या मुलाने कडेवरून तळवा सावकाश फिरवला, एका जागी थांबला, अंगठ्याच्या नखाने साचलेल्या क्षाराची गाठ हळूच उचकटली. पाणी क्षणभर त्याच्या बोटांभोवती फिरलं आणि मग उजवीकडेही सरळ खाली आलं.