देवराईची राखण आणि कायदा

जयसिंगपूरच्या ऊसपट्ट्यात देवराई शोधायला जाऊ नका. ती वर, घाटाकडे. पण नृसिंहवाडीला कृष्णेत मिळणारी पंचगंगा त्याच शाहूवाडी-राधानगरीच्या डोंगरांतून उतरते, तेव्हा विषय शिरोळकरांचाही आहेच.

घाटमाथ्यावरच्या गावांनी आणि धनगरवाड्यांनी देवाच्या नावावर रान राखले. कुऱ्हाड लावायची नाही, पडलेले लाकूडही घरी न्यायचे नाही. देवळाला वासा हवाच असेल, तर आधी कौल लावायचा: मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि कोणत्या बाजूची आधी पडते ते बघायचे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात अशा रानांचा अभ्यास केला; राखण त्याआधी कित्येक पिढ्यांची.

२००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचा हक्क ग्रामसभेच्या हाती दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवर तो मिळालाही.

धनगरांचे घोडे इथेच अडते. महाराष्ट्रात ते अनुसूचित जमातींत नाहीत, भटक्या जमातींत मोडतात. त्यामुळे १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वनाशी संबंध दाखवावा लागतो. डोंगरावरच्या वाडीत एवढे जुने कागद कुठले असायला? मात्र नियम १३ नुसार वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, आणि सामूहिक दाव्यात देवराई हाही पुरावाच धरतात. दावा गावच्या वनहक्क समितीकडे करायचा.