पट आणि परवाना

बाजारातून बुद्धिबळाचा पट विकत आणला, की तो आणणाऱ्याच्या मालकीचा होतो. तो ओसरीवर मांडावा, आजोळी न्यावा किंवा मित्राला देऊन टाकावा. दुकानदाराला विचारावे लागत नाही. पुढे ते दुकान बंद पडले, तरी पट परत न्यायला कोणी येत नाही. ‘विकत घेणे’ या शब्दांचा हा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे.

डिजिटल खेळ विकत घेणारा ग्राहकही मनात हीच अपेक्षा बाळगतो. एका कंपनीच्या गेम कन्सोलसाठी त्याने एखादा खेळ घेतलेला असतो. काही वर्षांनी तो दुसऱ्या कंपनीचे यंत्र आणतो आणि तोच खेळ त्यावर मांडू पाहतो. तेव्हा बहुधा त्याच्याकडे पुन्हा पैसे मागितले जातात!

याला कारणे आहेत. दोन यंत्रांची रचना निराळी असली, तर खेळाची आज्ञावली प्रत्येकासाठी निराळी सिद्ध करावी लागते. त्या श्रमांना मोल असते. शिवाय प्रत्येक कंपनीचे दुकान स्वतंत्र असते. एकाच्या खातेवहीतील नोंद दुसरे मानीत नाही. परंतु मुख्य गोष्ट ही, की ग्राहकाला खेळाची मालकी मिळत नाही. मिळतो तो खेळण्याचा परवाना. त्याच्या अटी कंपनी ठरविते.

२०१६ साली मायक्रोसॉफ्टने काही खेळ एकदाच विकत घेऊन एक्सबॉक्स व विंडोज संगणक या दोहोंवर खेळण्याची सोय केली. पण ही दोन्ही दालने एकाच घरातील होती. शेजारच्या घराचे दार त्यामुळे उघडले नाही.

परवान्याचा खरा अर्थ ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळामुळे अनेकांना कळला. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने तो २०१४ साली विक्रीस आणला होता. कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्यावाचून तो चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण किंमत मोजणाऱ्यांनाही तो खेळता येईनासा झाला.

त्याच वर्षी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने एक कायदा केला. तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. विक्रेता केवळ परवाना देत असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्यावाचून त्याने ‘विकत घ्या’ असे म्हणू नये, असे हा कायदा सांगतो.

कायद्याने मालकी मिळाली नाही. पण शब्दाचा खरा अर्थ उघड झाला. आपण पट घेत आहोत, की पट मांडण्याची परवानगी, हे पैसे मोजण्यापूर्वीच पाहणारा ग्राहक फसत नाही.