ऑपरेशननंतरचं तिसरं वर्ष

२००४ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांचं एक छायाचित्र छापून आलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला होता. जन्मतः हलकी दिसणाऱ्या त्या बाळांच्या अंगातही स्नायू कमी आणि चरबी जास्त, असं त्यात दिसलं होतं. आपल्याकडची चरबी पोटात आणि यकृताभोवती साठते आणि मधुमेह गोऱ्या माणसाच्या मानाने बऱ्याच कमी वजनावर गाठतो, हे आता सर्वमान्य आहे.

ब्रिटनमधल्या मराठी माणसाचा या गोष्टीशी थेट संबंध येतो. वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया एनएचएसकडून, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, कुणाला मिळावी, याची मार्गदर्शक तत्त्वं 'नाइस' ही संस्था ठरवते. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, किंवा ३५ ते ४० आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असं काही, हा सर्वसाधारण नियम. दक्षिण आशियाई कुळाच्या लोकांसाठी मात्र ही रेषा अडीचने खाली येते. म्हणजे पाच फूट दोन इंच उंचीच्या, मधुमेह असलेल्या मराठी बाईचं वजन ८१ किलोच्या आसपास असलं तरी तिचा विचार होऊ शकतो. मधुमेह गेल्या दहा वर्षांतला असेल तर आणखी लवकर. हॅरो, वेम्बली, स्लाउ भागातल्या पुष्कळ घरांत अशी बाई किंवा असा गृहस्थ असतो, आणि ते जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, विचारतसुद्धा नाहीत. 'आता पंचावन्नाव्या वर्षी कशाला?' हे उत्तर घरातच तयार असतं. त्या तत्त्वांमध्ये वयाची वरची मर्यादा नाही. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया घराघरांत बोलली जाऊ लागली ती २०११ मध्ये, नितीन गडकरींनी मुंबईत ती करून घेतली तेव्हा. त्या वेळी ते ५४ वर्षांचे होते.

पण शस्त्रक्रिया मिळण्यापेक्षा नंतरच्या आयुष्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण त्याबद्दल मराठीत कुणी फारसं सांगत नाही.

ब्रिटनमध्ये मुख्यतः दोन प्रकार होतात. एकात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी तेवढी उरते. त्याला स्लीव्ह म्हणतात. दुसरा बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी बनवतात आणि ती लहान आतड्याला पुढे जाऊन जोडतात, म्हणजे अन्न आतड्याचा पहिला भाग टाळून जातं. दोन्ही दुर्बिणीतून होतात आणि बहुतेक जण एक-दोन रात्रींत घरी येतात. पोट लहान झालं म्हणून माणूस कमी खातो, इतकं हे सरळ नाही. भुकेचं घ्रेलिन नावाचं संप्रेरक १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. ते मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होतं, तोच स्लीव्हमध्ये काढला जातो. आणि जेवणानंतर 'पुरे' असा निरोप मेंदूला देणारी आतड्यातली संप्रेरकं शस्त्रक्रियेनंतर कितीतरी वाढतात. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये स्टीफन ब्लूम यांच्या गटाने यावर मोठं काम केलं. सध्या गाजणारी वजनाची इंजेक्शनं याच संप्रेरकांची नक्कल करतात. त्यामुळे 'मनावर ताबा नव्हता म्हणून पोट कापून घेतलं' असं जे कुजबुजत बोललं जातं, ते निर्दय तर आहेच, शिवाय शास्त्राला धरूनही नाही.

ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे कडक पथ्य असतं, ते यकृत आक्रसावं म्हणून. सुजलेलं यकृत जठरावर पसरलेलं असलं तर सर्जनला आत दिसतच नाही. नंतर पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ: दूध, ताक, गाळलेलं सूप, वरणाचं निवळ पाणी. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. प्रत्येक रुग्णालयाचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं आणि आपल्या कागदावर लिहिलं असेल तेच पाळायचं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातलं एक जेवण कसं असतं? लहान मुलाची वाटी, तीत चार चमचे घोटलेली मूगडाळ आणि थोडं घट्ट दही. चमचा चहाचा. एक घास घ्यायचा, चमचा खाली ठेवायचा, पातळ असलं तरी तोंडात घोळवायचं, थांबायचं. वाटी संपायला वीस मिनिटं लागतात. छातीच्या मधोमध दाब आला, उचकी लागली, नाक वाहू लागलं की जेवण झालं. त्यानंतर घेतलेला एक चमचासुद्धा उलटून पडतो. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. ताटाशेजारी तांब्या-भांडं ठेवण्याची सवय मोडायला वजन उतरण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. आणि उलट्या सतत दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत, तर 'पोट सेट होतंय' म्हणत घरी बसून राहायचं नाही. बी-१ जीवनसत्त्व भराभर संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्याच दिवशी रुग्णालयाला फोन करायचा.

पुढे नेहमीचं जेवण सुरू झालं की आपल्या ताटाची खरी अडचण कळते. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि वाटीभर वरणात जेमतेम सहा-सात ग्रॅम असतात. दोन अंड्यांत बारा. एक पाइंट दुधात वीस. मासे खाणाऱ्यांना सोपं जातं. शुद्ध शाकाहारी घरात दही, पनीर, सोयाबीन, टोफू यांची रोज मोजदाद ठेवावी लागते. आपलं जेवण साध्या वरणभातापासून सुरू होतं. इथे क्रम उलटा: आधी उसळ, पनीर किंवा मासा, मग भाजी, आणि जागा उरली तर दोन घास भात. मऊ पोळीचा गोळा होऊन ती अडकते, त्यापेक्षा कुरकुरीत खाकरा बरा. आणि सगळ्यात फसवे पदार्थ सहज उतरणारे: चिवडा, चहात बुडवलेलं बिस्किट, आइस्क्रीम. ते अडकत नाहीत, पोट भरल्याचं सांगत नाहीत, दिवसभर जात राहतात. उपासाची साबुदाणा खिचडी तर प्रथिनांच्या दृष्टीने जवळजवळ रिकामीच. पचायला हरकत नसेल, पण तिच्या जागी त्या दिवशी काय गेलं नाही याचा विचार हवा.

मग येतो आग्रह. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, आणि डॉलिस हिलच्या त्याच्या वास्तूत गणपती असो की दिवाळी, पंगतीत वाढणारा हात आपल्याकडे कधी आखडता नसतो. बायपास झालेल्या माणसाने वाटीभर बासुंदी खाल्ली तर दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, 'आडवं पडू दे' अशी गत होते. साखर सरळ आतड्यात उतरते म्हणून. काहींना हे लगेच होत नाही, दोन-तीन तासांनी रक्तातली साखर झपकन खाली जाते आणि हातपाय थरथरतात. समोरच्याला वाटतं, नखरे चाललेत. म्हणून मला वाटतं, ऑपरेशन लपवू नये. निदान ज्या चार घरांत आपलं जाणं-येणं आहे तिथे सांगून टाकावं. लपवण्यापायी माणसं खाऊ नये ते खातात, किंवा जाणंच सोडून देतात. दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. पन्नाशीनंतर वजन उतरलं की चेहरा उतरतो, दंडाची आणि पोटाची कातडी लोंबते, पहिल्या तीन ते सहा महिन्यांत केस गळतात. केस परत येतात. कातडी काढण्याची शस्त्रक्रिया एनएचएस सहसा करत नाही. जी बाई पहिल्यांदाच जिना न थांबता चढली, तिला पुण्याहून आलेली मावशी म्हणते, 'किती वाळलीस गं! बरी आहेस ना?'

पहिलं वर्ष एकंदरीत आनंदाचं असतं. इन्सुलिन सुटतं, रक्तदाबाच्या गोळ्या कमी होतात (त्या आपल्या मनाने नव्हे, डॉक्टरांनी कमी करायच्या), गुडघे हलके होतात, रात्री तोंडावर लावायचा श्वासाचा मास्क कपाटात जातो. रुग्णालयाचं पथक सोबत असतं. आहारतज्ज्ञ, नर्स, कुठे कुठे मानसोपचारतज्ज्ञसुद्धा. 'नाइस'च्या तत्त्वांप्रमाणे ही सोबत निदान दोन वर्षं असायला हवी. त्यानंतर वर्षातून एकदा तपासणी, जन्मभर, जीपीच्या देखरेखीखाली.

गळती इथे होते. रुग्णालयाचं शेवटचं पत्र जीपीकडे जातं आणि फायलीत बसतं. घर बदललं, जीपी बदलला, की नव्या डॉक्टरसमोर एक सडपातळ, बऱ्यापैकी तब्येतीची बाई बसलेली असते. तिला कुणी बोलावत नाही, आणि तिला स्वतःलाही आता आपण रुग्ण आहोत असं वाटत नाही. नेमक्या याच काळात शरीर आपली थकबाकी मागू लागतं.

बी-१२ चंच घ्या. अन्नातलं बी-१२ शरीरात जायला जठरातलं आम्ल लागतं आणि जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं. जठर कमी झालं की दोन्ही कमी. पण यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, त्यामुळे पहिल्या वर्षी काहीच जाणवत नाही. शाकाहारी माणसाचा साठा मुळातच तुटपुंजा, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असेल तर आणखी कमी, कारण ते औषधही बी-१२ खाली आणतं. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी पायाला मुंग्या येतात, तोल जातो, नावं आठवत नाहीत. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस म्हणतो, वयोमानाप्रमाणे चालायचंच. घरचे म्हणतात, आईचंही असंच होतं. मुंग्या, विसरभोळेपणा, थकवा यांना वयाच्या खात्यात टाकण्याइतकी धोकादायक गोष्ट या शस्त्रक्रियेनंतर दुसरी नाही. दर तीन महिन्यांनी बी-१२चं इंजेक्शन हा ब्रिटनमधला नेहमीचा उपाय आहे. साधा आणि स्वस्त, पण चुकवला तर मज्जातंतूंचं झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही.

हाडांचंही तसंच. कॅल्शियम आणि लोह जिथे शोषलं जातं, तो आतड्याचा पहिलाच भाग बायपासमध्ये टळतो. पाळी गेलेल्या बाईची हाडं आधीच विरळ होत असतात. त्यात ब्रिटनचा सूर्य आणि आपला सावळा रंग. गडद कातडीच्या लोकांनी वर्षभर ड जीवनसत्त्व घ्यावं असं एनएचएस सगळ्यांनाच सांगते. ऑपरेशननंतर त्याहून मोठा डोस लागतो, आणि तो रक्त तपासून ठरवायचा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेतली तर एक दुसरीला अडवते, मध्ये दोन तास जावे लागतात. लोहाच्या गोळीवर चहा तर नकोच.

आणि स्नायू. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि पन्नाशीनंतर ते आपणहून परत येत नाहीत. आपल्या लोकांना व्यायाम म्हणजे चालणं. चालणं चांगलंच, पण त्याने मांडीचा आणि दंडाचा स्नायू टिकत नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहादा उठणं-बसणं, रबरी पट्टा ओढणं, बागेत खणणं, बाजाराच्या पिशव्या स्वतः उचलणं, हे आठवड्यातून दोनदा तरी हवं. आपल्याकडे वजन उतरलेल्या आईच्या हातातली पिशवी मुलगा प्रेमाने काढून घेतो. घेऊ नये.

वजन थोडं परत येतं, याचीही तयारी हवी. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात ३७ ते ६० वयाची माणसं होती. त्यात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सुमारे ३२ टक्के उतरलं, दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर स्थिरावलं. शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेहींपैकी दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहातून बाहेर होते, दहा वर्षांनी ३६ टक्के. त्याच अभ्यासात, ऑपरेशन न केलेल्या स्थूल माणसांपेक्षा ही माणसं जास्त जगली. म्हणजे लाभ खरा आहे आणि चढउतारही खरा आहे. पाच किलो परत आले की लोक लाजेने दवाखान्यात जायचं टाळतात, ते मात्र घातक. मधुमेह 'गेला' म्हणून डोळ्यांच्या तपासणीचं बोलावणं टाळणंही तसंच. साखर नॉर्मल झाली तरी ती तपासणी चालू ठेवायची असते.

तेव्हा जीपीकडे वर्षातून एकदा आपणच वेळ मागायची. रक्तगणना, लोह, बी-१२, फोलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, तीन महिन्यांची साखर. बायपास असेल तर झिंक आणि तांबंही. ही यादी कागदावर लिहून न्यायला संकोच नको. रिसेप्शनवर 'बॅरिअॅट्रिक (म्हणजे वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेची) वार्षिक तपासणी' असे शब्द वापरले की काम लवकर होतं.

भारतात जाताना आणखी एक कागद लागतो. पुण्यात गुडघा दुखला की घरातलं कुणीतरी ड्रॉवरमधून कॉम्बिफ्लाम काढून देतं. त्यात आयबुप्रोफेन असतं, आणि बायपासच्या जोडाजवळ त्याने व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो. दुखण्यावर साधी पॅरासिटामॉल चालते. डॉक्टरांना नुसतं 'बायपास झालंय' म्हटलं तर ते हृदयाचा विचार करतात आणि इसीजी काढायला सांगतात. म्हणून पर्समध्ये एक चिठ्ठी असावी: शस्त्रक्रिया पोटाची, कोणती, कोणत्या वर्षी, कोणत्या रुग्णालयात, रोजच्या गोळ्या कोणत्या, आणि कोणतं वेदनाशामक द्यायचं नाही.