पक्षाघात व पोटरीचे स्नायू

पक्षाघात व पोटरीचे स्नायू : मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडल्यामुळे किंवा फुटल्यामुळे शरीराच्या एका बाजूची ऐच्छिक हालचाल क्षीण वा नष्ट होते. या अवस्थेला पक्षाघात (अर्धांगवायू) म्हणतात. मूळ विकृती मेंदूत असली, तरी तिचे परिणाम मेंदूपुरते मर्यादित राहत नाहीत. वापर कमी झालेल्या व आखडलेल्या स्थितीत राहिलेल्या स्नायूची रचनाच कालांतराने बदलते आणि हा बदल दौर्बल्यात स्वतंत्रपणे भर घालतो. पोटरीच्या स्नायूंत तो विशेष दिसून येतो व रुग्णाच्या चालण्यावर त्याचा मोठा परिणाम होतो.

रचना व कार्य : पोटरी मुख्यतः दोन स्नायूंची बनलेली असते. वरच्या थरातील गॅस्ट्रॉक्नेमियस हा स्नायू मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून दोन शीर्षांनी निघतो, त्यामुळे तो गुडघा व घोटा हे दोन्ही सांधे ओलांडतो. त्याखालील सोलियस हा रुंद स्नायू गुडघ्याखालील दोन हाडांपासून निघतो व फक्त घोट्यावर कार्य करतो. दोन्ही स्नायू अकिलीझ कंडरेच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या तंतुमय पट्ट्याच्या) द्वारे टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. सोलियसमध्ये दीर्घकाळ न थकता काम करणारे मंद तंतू अधिक असतात. उभे राहताना शरीर पुढे झुकू न देणे व चालताना टाच उचलून शरीर पुढे ढकलणे, ही या स्नायूंची प्रमुख कार्ये होत.

दौर्बल्याची कारणे : मेंदूच्या बाह्यकापासून निघणारे बहुतेक प्रेरक तंतू लंबमज्जेत बाजू बदलून मेरुरज्जूत उतरतात, म्हणून मेंदूच्या उजव्या भागातील विकृतीने डावा पाय दुर्बल होतो. मेरुरज्जूतील प्रेरक कोशिकांना पुरेसे आवेग न मिळाल्याने थोडीच प्रेरक एकके कार्यान्वित होतात व तीही मंद गतीने. हे दौर्बल्याचे पहिले व प्रारंभी प्रमुख असलेले कारण होय. दुसरे कारण स्नायूतच निर्माण होते. निरोगी वाटणाऱ्या बाजूच्या पायाचे बलही पुष्कळदा काहीसे घटलेले आढळते.

रचनेतील बदल : अंथरुणात उताणे पडलेल्या रुग्णाचे पाऊल स्वतःच्या व पांघरुणाच्या भाराने खाली झुकते आणि पोटरी सतत आखूड स्थितीत राहते. अशा स्थितीचा परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाला आहे. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मांजराचा सोलियस स्नायू आखूड स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला असता त्याच्या तंतूंतील, एकापुढे एक रचलेल्या आकुंचनक्षम खंडांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. प्लास्टर काढल्यावर ती पूर्ववत झाली. म्हणजे स्नायू नुसता आवळला जात नाही, तर लांबीचा काही भाग गमावतो. परंतु ही हानी अपरिवर्तनीय नसते.

पक्षाघाताच्या रुग्णांत श्राव्यातीत ध्वनिचित्रण (सोनोग्राफी) व चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा (एमआरआय) यांच्या साहाय्याने केलेल्या निरीक्षणांत बाधित पोटरीचे आकारमान घटलेले व गॅस्ट्रॉक्नेमियसच्या तंतुगुच्छांची लांबी कमी झालेली आढळते. आकुंचनक्षम ऊतकाची अपपुष्टी (झीज) होत असतानाच स्नायूतील वसा व संयोजी ऊतक यांचे प्रमाण वाढते. परिणामी बाहेरून मोजलेला पोटरीचा घेर तिच्या बलाचा विश्वसनीय निदर्शक ठरत नाही.

ताठरपणा : ताठर पोटरी ही बळकट पोटरी असा समज आढळतो, तो चुकीचा आहे. ताठरपणाचे दोन घटक असतात. पहिला तंत्रिकाजन्य. स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितकी त्याची प्रतिक्षेपी क्रिया तीव्र होते. या अवस्थेला संस्तंभता म्हणतात व तिची आज प्रचलित असलेली व्याख्या लान्स यांनी १९८० मध्ये मांडली. दुसरा घटक आखूड झालेल्या तंतूंचा व वाढलेल्या संयोजी ऊतकाचा, म्हणजे यांत्रिक स्वरूपाचा असतो. पाऊल अगदी सावकाश वर वळविले असताही विरोध जाणवल्यास हा दुसरा घटक प्रबळ समजावा. ताठर स्नायू ताणाला विरोध करतो, परंतु स्वेच्छेने पुरेसा जोर लावू शकत नाही.

त्यामुळे चालताना टाच आधी टेकत नाही, चवडा जमिनीला घासतो, पोटरी नडगीला पुढे येऊ देत नाही व गुडघा मागे झुकतो. शेवटी पाऊल जमीन सोडताना आवश्यक असलेला रेटा अपुरा पडतो. उकिडवे बसण्यास घोटा पुरेसा वाकावा लागतो. आपल्याकडील जमिनीवरच्या उठबशीत व भारतीय पद्धतीच्या शौचकूपाच्या वापरात म्हणूनच हा दोष अधिक जाचतो.

परीक्षा : पोटरीचे स्नायू इतके बलवान असतात की, परीक्षकाच्या हाताच्या विरोधाने त्यांचे सौम्य दौर्बल्य लक्षात येत नाही. म्हणून रुग्णास आधार धरून एका पायावर टाच वारंवार उचलण्यास सांगतात. अचूक मापनासाठी बलमापक वापरतात. ताठरपणासाठी ॲशवर्थ यांची १९६४ मधील श्रेणी व तिची १९८७ मधील सुधारित आवृत्ती प्रचलित आहे. मात्र ताठरपणाचे वरील दोन घटक ती वेगळे करू शकत नाही.

उपचार : व्यायामाने ताठरपणा वाढेल या भीतीने पूर्वी बलवर्धक व्यायाम टाळले जात. २००६ मध्ये झालेल्या उपलब्ध चाचण्यांच्या समालोचनात असे व्यायाम बल वाढवितात व संस्तंभता वाढवीत नाहीत, असे दिसून आले. उभे राहणे, चालणे व टाचा उचलणे यांचा क्रमशः वाढता सराव हा उपचारांचा पाया होय. मात्र पहिल्या २४ तासांत फार तीव्र हालचाल सुरू करणे हितावह नसल्याचे २०१५ मधील मोठ्या चाचणीत आढळल्याने आरंभ वैद्याच्या सल्ल्याने करतात.

उंदरांत रोज अर्धा तास ताण दिल्याने आकुंचनक्षम खंडांची हानी टळल्याचे १९९० मध्ये दाखविण्यात आले. परंतु रुग्णांत केवळ निष्क्रिय ताण देण्याचा सांध्याच्या हालचालीवर लक्षणीय लाभ २०१७ च्या व्यापक समालोचनात आढळला नाही. ताण देण्याला सक्रिय व्यायामाची जोड म्हणूनच आवश्यक ठरते. बोट्युलिनम विषाच्या अंतःक्षेपणाने संस्तंभता सुमारे तीन महिने कमी होते, पण त्याने आखूड स्नायू लांब होत नाही वा बल वाढत नाही. पाऊल घासत असल्यास घोट्याचा आधारसाचा उपयोगी पडतो. कायमच्या आखूडपणात शस्त्रक्रियेने कंडरा लांबवितात. मेंदूतील हानी पूर्णपणे भरून न आली, तरी स्नायूतील दुय्यम बदल बऱ्याच अंशी टाळता व सुधारता येतात.