गाडी शोरूमला टाकायची की गॅरेजला?

आजचा विषय तसा घरातलाच आहे. आपल्या जिल्ह्यात दारात मोटारसायकल नाही असं घर शोधावं लागेल. दूध डेअरीला तिच्यावरच जातं, पोरं क्लासला तिच्यावरच जातात, कांद्याचा भाव बघायला मार्केटलाही तीच. ती दोन दिवस बंद राहिली तर घराचा सगळा मेळ बिघडतो. म्हणून सर्व्हिसिंग शोरूमला करायची की चौकातल्या गॅरेजला, हा प्रश्न दिसतो तेवढा बारका नाही.

आधी आमचीच फजिती सांगतो. नवी गाडी घेतली, दोन फ्री सर्व्हिस वेळेवर केल्या. तिसरीच्या वेळी शेतात कामाची घाई होती, सर्व्हिस सेंटर तालुक्याला, जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडणार. आम्ही गावातच ऑइल बदलून घेतलं. बिल मागितलं नाही. काही महिन्यांनी इंजिनातून आवाज यायला लागला. सेंटरवाल्यांनी पुस्तिका उघडली आणि एवढंच विचारलं, "तिसऱ्या सर्व्हिसची नोंद कुठंय?" फिटरनं काम चोख केलं होतं, पण ते दाखवायला आमच्याकडे चिठोरंही नव्हतं. खर्च खिशातून गेला.

दुसरी गोष्ट उलटी. वॉरंटी संपलेली जुनी गाडी आम्ही ऑइल आणि ब्रेकसाठी एका सर्व्हिस सेंटरला टाकली. संध्याकाळी बिलात चेन स्प्रॉकेटही निघालं. जुने पार्ट मागितले, तर म्हणाले, भंगारात गेले. खरंच झिजले होते का, आजही सांगता येत नाही. दोन्ही वेळा चूक आमचीही होती. जे विचारायला हवं होतं, ते आम्ही विचारलंच नाही.

आता थोडं मागं जाऊ. नगरकरांना गॅरेजवाल्याचा एवढा भरवसा का? १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगनं लुना बाजारात आणली, आणि या कंपनीचा कारखाना आपल्याच नगरला. ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, बाकी प्लग, पॉइंट आणि कार्बोरेटर. हुशार पोरगा पाना-पक्कड घेऊन बसला की दोन-चार महिन्यांत ती गाडी शिकायचा. पुढं शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, त्याही याच हातांनी सांभाळल्या. कानानं टॅपेटचा आवाज ओळखणारे फिटर आपल्याकडे आजही आहेत.

पण गाडी बदलली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आणि बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन बसलं. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते आता सेन्सरच्या माहितीवरून कंट्रोल युनिट ठरवतं. मीटरवर इंजिनाचा दिवा लागला की दोष नेमका कुठं आहे ते स्कॅनर लावल्याशिवाय नीट कळत नाही. कान कितीही तयार असला तरी सेन्सर बोलत नाही.

मग करायचं काय? आम्ही तीन टप्पे पाळतो.

पहिला टप्पा वॉरंटीचा. वॉरंटी वर्षं आणि किलोमीटर, दोन्हींत दिलेली असते. जे आधी पुरं होईल तिथं ती संपते. तोवर ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत सेंटरलाच करा आणि पुस्तिकेवर शिक्का घ्या. फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फुकट. ऑइल आणि पार्टचे पैसे पडतातच. आणि ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन स्प्रॉकेट असल्या झिजणाऱ्या वस्तू साधारणपणे वॉरंटीत बसत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

दुसरा टप्पा वॉरंटीनंतरचा. इथं काम बघून जागा ठरवायची. ऑइल, प्लग, ब्रेक शू, केबल, चेन, पंक्चर ही कामं चांगला गॅरेजवाला तेवढीच नीट करतो, मजुरी कमी घेतो आणि आपल्यासमोर करतो. जामखेडहून नगर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास पडतं. नुसत्या ऑइलसाठी तेवढं जाणं कुणाला परवडेल? पण एबीएसचा दिवा, इंजेक्शनची तक्रार, इलेक्ट्रॉनिक चावी असलं काही असेल, तर ज्याच्याकडे त्या गाडीचा स्कॅनर आहे तिथंच जा. गॅरेजवाल्याकडे स्कॅनर असेल तर तोही चालेल. "बघू खोलून" म्हणाला, तर गाडी परत घेऊन या.

तिसरा टप्पा आपल्या मातीचा. पुस्तिकेतली किलोमीटरची मुदत साधारण रस्त्यासाठी असते. धुळीत लवकर लक्ष द्या, असं बहुधा तिथंच लिहिलेलं असतं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी चालवणाऱ्याचा एअर फिल्टर लवकर भरतो. फोमचा फिल्टर धुता येतो. तेल लावलेला कागदी फिल्टर मात्र हवा मारून साफ करायचा नाही, बदलायचाच. हा फरक ज्याला विचारताक्षणी सांगता येतो, तो फिटर ठेवण्यासारखा.

ऑइलचंही तसंच. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचं ऑइल टाकलं तर तो घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' लिहिलंय का ते बघा, आणि सील तुमच्यासमोर फोडायला सांगा.

कायद्याचं थोडं. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड लावला. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची साधनं मिळू देत नाहीत, हा ठपका होता. बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असंही त्या आदेशात होतं. पण तो आदेश कारचा, आणि कंपन्या पुढं कोर्टात गेल्या. त्याच्या भरवशावर आपली वॉरंटी पणाला लावू नका. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक विभागानं 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. फसवणूक झालीच तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. मात्र सगळीकडे पहिला प्रश्न एकच येतो: बिल आहे का?

म्हणून शेवटचं सांगतो. शाळेची एक चाळीस पानी वही गाडीच्या नावानं ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती पैसे दिले, आणि बिल तिथंच टाचून ठेवा. शोरूमला जॉब कार्ड वाचल्याशिवाय सही करू नका; "सांगितल्याशिवाय जादा काम करू नये" असं त्यावर लिहून घ्या. गॅरेजवाल्याकडूनही साध्या कागदावर का होईना, पावती घ्या. तो ओळखीचा आहे म्हणून लाजू नका. आणि दोन्हीकडे जुना पार्ट हातात मागा.

आमच्या पहिल्या गाडीची अशी वही असती, तर त्या इंजिनाचं काहीतरी म्हणणं तरी मांडता आलं असतं. दुसरीची आता आहे. तिची बावीस पानं भरलीत.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.